पाखरांची हजेरी



गेले काही दिवस गावात एक कुजबुज चालू आहे आणि ती माझ्यापर्यंतही आली आहे. सकाळची मिस्सा आटोपली की फादर हातात वही घेऊन देवळामागच्या शेताकडे जातात, मध्येच थांबतात, काहीतरी मोजतात आणि लिहून घेतात. तेव्हा बहुधा जागेची मोजणी चालू असावी, असा काहींचा तर्क आहे. एका मावशींनी तर मला सरळच विचारले, "फादर, किती गुंठे भरले?" म्हणून आज या पानावर खुलासा करतो. मी जमीन मोजत नाही, पाखरे मोजतो.

गेली तीन वर्षे पावसाळा ओसरू लागला की आठवड्यातून दोन दिवस माझा हा नेम आहे. वाट ठरलेली: दफनभूमीची भिंत, केळीची वाडी, बावखल, भातशेतीचा बांध आणि शेवटी खाजणाची उघाडी. जाऊन येऊन दीड तास लागतो. वाट बदलायची नाही, वेळ बदलायची नाही, आणि जे दिसले ते आकड्यासह लिहायचे, एवढेच नियम. सुरुवात विरंगुळा म्हणून झाली हे कबूल करतो. पण पुढे पुढे असे वाटू लागले की शुभवर्तमानातील एक उतारा मी वीस वर्षे प्रवचनांतून सांगत आलो आणि तो मला नीट कळलाच नव्हता.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू चिंतेविषयी बोलतो (मत्तय ६:२५-३४). त्यातला पाखरांचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. देव पाखरांना पोसतो, तर तुम्हांला का पोसणार नाही, या निष्कर्षाकडे आपण लगेच धाव घेतो. परंतु येशू आधी निष्कर्ष सांगत नाही, आधी तो एक काम सांगतो. पाखरांकडे बघा, असे ते काम आहे. मूळ ग्रीक शुभवर्तमानात तेथे जे क्रियापद आहे ते साध्या पाहण्याचे नाही; रोखून, आत नजर घालून पाहण्याचे आहे. हेच क्रियापद संत मार्कने त्या श्रीमंत तरुणाच्या प्रसंगी वापरले आहे: येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली (मार्क १०:२१). पेत्राने तिसऱ्यांदा नाकारल्यावर प्रभू वळून त्याच्याकडे पाहतो, तेथेही तेच क्रियापद आहे (लूक २२:६१). म्हणजे ज्या नजरेने येशू माणसांकडे पाहत होता, त्या नजरेने पाखरांकडे पाहायला तो आपल्याला सांगतो. संत लूकने तर पाखरांऐवजी कावळे म्हटले आहे (लूक १२:२४). कावळा हा मोशेच्या नियमशास्त्रात अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे (लेवीय ११:१५). आपले हिंदू शेजारी निदान पितृपक्षात तरी कावळ्याची मनापासून वाट पाहतात. आपण ख्रिस्ती माणसे मात्र, त्याच्याकडे बघण्याची आज्ञा असूनही, बाराही महिने त्याला हाकलतो.

आता मुद्दा असा की, एकदा पाहून पाखरू कळत नाही. एकदा पाहिले की फक्त रंग कळतो. तेच पाखरू त्याच बांधावर दहा वेळा पाहिले की ते कधी येते, कधी नसते, कोणाला भिते, काय खाते हे कळू लागते. आणि असे पाहायला पावसाळा संपतानाचा, भाद्रपद-आश्विनातला हा काळ सर्वांत चांगला, कारण या दोन महिन्यांत आपल्या वसईच्या किनाऱ्यावर हजेरीपट बदलतो. काही पाखरे निघून जातात, काही येतात आणि काही नुसती वाटेत थांबतात.

पहिली येते ती तुतारी. ऑगस्टमध्ये अजून पाऊस कोसळत असताना बावखलाच्या काठावर एक तपकिरी, पांढऱ्या पोटाचे पाखरू एकटेच चालताना दिसते. त्याचा मागचा भाग सारखा खाली-वर हलत असतो. ती हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलेली असते. सप्टेंबर लागला की राखी धोबी येतो. पाठ राखी, पोट पिवळे, आणि शेपटी हलवण्याची खोड तुतारीसारखीच. मग एका सकाळी शाळेजवळच्या विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसलेल्या दिसतात. वेडा राघू आपल्याला रोजचा वाटतो, परंतु जूनमध्ये पावसाचा जोर वाढला की तो किनारपट्टी सोडून कोरड्या मुलखात जातो आणि याच दिवसांत परत येतो. भोरड्यांचे थवे मध्य आशियाकडून येतात. सप्टेंबर संपता संपता कुंपणाच्या काठीवर नकल्या खाटीक आणि गप्पीदास जागा धरतात, आणि दसऱ्याच्या सुमारास नीलपंख. याच वेळी चातकाची जाण्याची तयारी असते. पावसाबरोबर आलेला हा पाहुणा पुन्हा समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. बावखलावर झुकलेल्या माडाला सुगरणीची घरटी लोंबत असतात, पण त्यांतला कलकलाट सप्टेंबरअखेर कमी कमी होत जातो.

यिर्मया संदेष्ट्याने हे सारे पाहिले होते. आकाशातील करकोचा, होला, भिंगरी यांना आपल्या येण्याची वेळ कळते, पण माझ्या लोकांना परमेश्वराचा नियम कळत नाही, अशा आशयाची त्याची तक्रार आहे (यिर्मया ८:७). पवित्र भूमी ही युरोप, आशिया आणि आफ्रिका या तीन खंडांच्या सांध्यावर आहे. वर्षातून दोनदा तिच्यावरून कोट्यवधी पाखरे जातात. यिर्मयाचे श्रोते वर मान करून ते थवे पाहत असले पाहिजेत, नाहीतर या दाखल्याला काही अर्थच उरला नसता. जाता जाता सांगतो, करकोच्याचे हिब्रू नाव 'हसीदा' हे 'हेसेद' या शब्दाशी नाते सांगते. हेसेद म्हणजे देवाची कराराला जागणारी दया. पाखराला असे नाव ठेवणाऱ्या लोकांनी त्याला पुष्कळ वेळा परत येताना पाहिले असणार.

सेमिनरीत आम्हांला अ‍ॅरिस्टॉटल शिकवला जाई तो तर्कशास्त्रासाठी. हा थोर तत्त्वज्ञ प्राणिजगताचाही बारीक निरीक्षक होता. क्रौंच पक्षी उत्तरेकडून ईजिप्तच्या वरच्या दलदलीकडे जातात, हे त्याला ठाऊक होते. पण भिंगऱ्या हिवाळ्यात दिसेनाशा होतात त्याचे कारण त्याने असे दिले की, काही भिंगऱ्या बिळांत, कपारीत लपून राहतात. तांबड्या शेपटीचे एक पाखरू ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दिसे आणि तांबड्या छातीचे दुसरे हिवाळ्यात. दोन्ही एकदम दिसत नसत. यावरून एकाचेच दुसरे होते, असे त्याने ठरवून टाकले. त्याची दृष्टी अधू नव्हती आणि तर्कही कच्चा नव्हता. 'दिसत नाही' आणि 'नाही' यांत जे अंतर आहे, ते त्याने एका उडीत ओलांडले, एवढीच त्याची चूक.

मला हसू येण्याआधीच माझी स्वतःची वही आठवली. पहिल्या वर्षी खाजणात टिलवे पाहिले. चिमणीएवढे पाखरू, चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवणारे. सैबेरियाच्या अगदी उत्तरेला, जेथे झाडेही उगवत नाहीत, तेथे त्याचा जन्म होतो. वजन सुमारे पंचवीस ग्रॅम. कोंबडीच्या एका अंड्याच्या वजनात दोन टिलवे सहज बसतात. एका सोमवारी साठ-सत्तर होते. गुरुवारी गेलो तर एकही नाही. मी वहीत लिहिले: 'टिलवे निघून गेले.' पुढच्या आठवड्यात एक कोळी बांधव तेथे जाळे धुत होते. मी त्यांना सांगितले की पाखरे पुढे गेली. ते म्हणाले, "फादर, पाणी बघून येत जा. भरतीला ती मिठागरात बसतात." ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो तेव्हा ती खाजणात पसरतात, भरती आली की वरच्या कोरड्या जागी गोळा होतात. मी वेळ पाळत होतो ती घड्याळाची आणि टिलवे पाळत होते ती समुद्राची. तेव्हापासून वहीत मी 'गेले' असे लिहीत नाही. 'दिसले नाहीत' असे लिहितो आणि पुढे भरती की ओहोटी याची नोंद करतो.

ही गोष्ट येथे सांगायचे कारण असे की, धर्मगुरू म्हणून मी हीच चूक दर रविवारी करत आलो आहे. तिसऱ्या बाकावरचे एक कुटुंब दोन-तीन महिने मिस्साला दिसले नाही की आपण म्हणतो, त्यांची श्रद्धा ढळली. किंवा म्हणतो, त्यांचे आपल्याशी बिनसले. असा निष्कर्ष मी स्वतः एका घराविषयी काढला होता. घरभेटीला गेलो तेव्हा कळले की घरातल्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, मुलगा आखातात आहे, आणि सून सकाळी त्यांना सोडून हलू शकत नाही. त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद नेण्याऐवजी मी त्यांच्याविषयी मत बनवून बसलो होतो. कोणी दिसले नाही तर 'दिसले नाहीत' एवढेच म्हणावे, आणि मग चौकशीला जावे.

टिलव्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अशा अनेक चिखलपक्ष्यांत मोठी पाखरे आधी दक्षिणेकडे निघतात. त्या वर्षीची पिल्ले मागे राहतात, पंखांत बळ आले की मागाहून निघतात, आणि आईबाप बरोबर नसताना, कधीही न पाहिलेल्या वाटेने हजारो किलोमीटर येतात. ऑक्टोबरमध्ये उघाडीजवळ जी नव्या पिसांची पाखरे दिसतात त्यांतली कित्येक अशी असतात. याला श्रद्धा म्हणायचा मोह होतो. प्रवचनाला दाखला म्हणून तो उत्तम आहे, पण माझ्या मते तो खरा नाही. संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. पाखरू काडी गोळा करते ते काडी इंद्रियांना गोड लागते म्हणून नव्हे, तर ती घरट्याला उपयोगी आहे हे त्याला आतून कळते म्हणून, असे ते म्हणतात. प्राण्यांच्या ठायी देवाने ठेवलेली ही जाण आहे. श्रद्धेत होकार द्यावा लागतो, नकाराची मुभा असते. टिलव्याला ती मुभा नाही. तेव्हा टिलव्याला संत करू नये. तो टिलवा आहे हेच पुष्कळ आहे. योबाच्या ग्रंथात देव नेमके हेच विचारतो: ससाणा दक्षिणेकडे पंख पसरतो तो काय तुझ्या अकलेने? (योब ३९:२६ पाहा.)

आता वहीतील एका पानाविषयी लिहायचे आहे, जे लिहायला मला जड जाते.

गेल्या वर्षी मरियामातेच्या सणाआधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, देवळामागचे गवत कमरेपर्यंत वाढले होते. मंडप घालायचा होता, लोकांना बसायला जागा हवी होती, आणि सापाची भीतीही होती. मी यंत्राने गवत कापून घ्यायला सांगितले. दुपारी काम करणारा मुलगा एका घमेल्यात दोन घरटी घेऊन माझ्याकडे आला. एक फाटलेले होते. दुसऱ्यात वटवट्याची तीन पिल्ले होती, डोळे न उघडलेली. "फादर, यांचे काय करू?" त्याने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. संध्याकाळपर्यंत ती मेली. वही काढून पाहिली तर त्याच तुकड्यावर ऑगस्टच्या प्रत्येक फेरीत वटवटे आणि ठिपकेदार मुनिया लिहिलेल्या होत्या, चोचीत गवताचे पाते नेताना. म्हणजे मला ठाऊक होते. मी लिहिले होते, पण निरखले नव्हते. सप्टेंबरच्या उरलेल्या सर्व फेऱ्यांत त्या तुकड्यापुढे शून्य आहे. ते मात्र भरती-ओहोटीचे शून्य नव्हते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात असिसीकर संत फ्रान्सिस यांची एक आठवण दिली आहे. मठाच्या बागेचा काही भाग मशागत न करता तसाच ठेवावा, म्हणजे तेथे रानफुले व वनस्पती उगवतील, असे ते आपल्या बंधूंना सांगत. या वर्षी आपण तेवढे केले आहे. दफनभूमीच्या भिंतीलगतचा तुकडा ऑक्टोबरअखेरपर्यंत कापलेला नाही. देवळाचे आवार गबाळे दिसते, अशी तक्रार आली. दिसते खरे. या महिन्यात तेथे मुनियांची चार घरटी मोजली.

दुसरा विषय बावखलाचा. पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत बावखल बुजवून गाड्यांसाठी जागा करावी हा प्रस्ताव आहे, हे आपणांस माहीत आहे. गरज खोटी नाही. सणाच्या दिवशी रस्ता अडतो, रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नाही, आणि मागे एकदा यावरून शेजाऱ्यांशी बोलाचालीही झाली. प्रस्ताव मांडणारे सेवाभावी लोक आहेत. त्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु बैठकीआधी काही गोष्टी सर्वांना ठाऊक असाव्यात. बावखल हे आपल्या पूर्वजांनी पावसाचे गोडे पाणी साठवण्यासाठी खोदले. समुद्र एवढा जवळ असताना आजूबाजूच्या विहिरी गोड्या राहिल्या त्या अशा पाण्यामुळे. वसईत किती बावखले भरावाखाली गेली हे वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या वहीप्रमाणे या तीन वर्षांत आपल्या बावखलावर आणि त्याच्या काठच्या झाडांवर एकतीस जातींची पाखरे दिसली. गाव लहान, बावखल त्याहून लहान. म्हणून तो आकडा क्षुल्लक वाटेल.

तो क्षुल्लक नाही, हे एका अहवालावरून कळते. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर उभा आहे. ही मंडळी बहुतांशी तुमच्या-माझ्यासारखी, कामधंदा सांभाळून मोजणारी. ज्या ३३८ जातींच्या दीर्घ काळातील चढ-उताराचा हिशेब लावता आला, त्यांपैकी २०४ घटलेल्या आढळल्या. आपला दसऱ्याचा नीलपंख घटणाऱ्यांत आहे. पक्ष्यांचे थोर अभ्यासक डॉ. सालिम अली मुंबईचेच. लहानपणी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि त्या चौकशीतून त्यांचे आयुष्य बदलले. पुढे १९८५ साली त्यांनी आत्मचरित्राला 'चिमणीचे पडणे' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. ते स्वतः ख्रिस्ती नव्हते, पण ज्यांनी संत मत्तयचे शुभवर्तमान वाचले आहे त्यांना त्या नावातला संदर्भ सांगावा लागणार नाही (मत्तय १०:२९). मत्तयमध्ये एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकमध्ये दोन नाण्यांना पाच (लूक १२:६). बाजारहाट करणाऱ्या भगिनींच्या हे लगेच ध्यानात येईल: पाचवी वर टाकलेली, फुकटची. आणि देवाला विसर पडत नाही असे येशू म्हणतो त्यांत ती पाचवीही येते.

बावखलाविषयी मी माझे मत बैठकीत मांडीन. अध्यक्ष या नात्याने ते येथे लादत नाही. कौन्सिलच्या सर्व सदस्यांना मात्र एक विनंती आहे. बैठकीआधी एकदा माझ्याबरोबर त्या वाटेने चला.

४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस यांचा सण आहे. त्या दिवशी सकाळची मिस्सा झाल्यावर दफनभूमीच्या फाटकाशी जमायचे आहे. धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांनी यावे, आईवडिलांनीही यावे. बांध निसरडा आहे, चपला घट्ट घालाव्यात. भडक आणि पांढरे कपडे नकोत. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत, पाखरे उगाच गोंधळतात. दुर्बिणी दोनच आहेत, आळीपाळीने मिळतील. एक वही व पेन्सिल प्रत्येकाने आणावी. ज्या मुलांकडे गलोल आहे त्यांनी ती माझ्याकडे जमा केली तर कोणी रागावणार नाही; गेल्या वर्षी सात आल्या. त्या दिवशी निघताना ओहोटी असेल की भरती, ते फळ्यावर आदल्या दिवशी लिहिले जाईल.

कसे लिहायचे हे कळावे म्हणून परवाची नोंद देतो. वेळ सकाळी सव्वासात ते पावणेनऊ, ओहोटी, ढग. भिंतीजवळचे गवत: मुनिया ९, वटवटे ३. वाडी: हळद्या १ (फक्त आवाज). बावखल: खंड्या १, ढोकरी २, तुतारी १, पाणकोंबडी १ व तिची पिल्ले ४. बांध: वेडे राघू ६, खाटीक १, माळभिंगऱ्या सुमारे ४०. खाजण: शेकाटे ११, टिलवे सुमारे ५५, बगळे मोजले नाहीत. चातक: दिसला नाही.